सहा आठवड्यांत रोबो बनवून सील करायचा, हा नियम खरंच सगळ्यांना सारखा आहे का?

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो. परळच्या एका मराठी माध्यमाच्या शाळेतल्या विज्ञानाच्या मॅडमनी विचारलंय. त्यांच्या आंतरशालेय रोबोटिक्स स्पर्धेत यंदा नवीन नियम आलाय: टास्क, म्हणजे रोबोनं करून दाखवायचं काम, जाहीर झाला की सहा आठवड्यांत रोबो पूर्ण करायचा, मग तो खोक्यात घालून सील करायचा, वर मुख्याध्यापकांची सही, आणि ते खोकं थेट स्पर्धेच्या दिवशी उघडायचं. त्यांच्या मुलांना आठवड्यातून दोनदा, शाळा सुटल्यावर दीड-दीड तास मिळतो. मोठ्या शाळांची लॅब रोज उघडी असते. आयोजक म्हणतात सहा आठवडे सगळ्यांनाच आहेत, यात अन्याय कसला? तर मॅडमचं म्हणणं, मर्यादा काढून टाका म्हणू की आणखी कडक करा म्हणू?

मॅडम, मी बरीच वर्षं मुंबईतल्या शाळा-कॉलेजच्या टीम्सना मेंटॉर करतोय आणि अधूनमधून इन्स्पेक्शनच्या टेबलावरही, म्हणजे रोबो नियमात बसतो का ते तपासायला, बसतो, म्हणजे नियम पाळणाऱ्यांच्या बाजूनं आणि तपासणाऱ्यांच्या बाजूनं असं दोन्हीकडून हे बघितलंय. माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. काढा म्हणा, पण नुसतं काढा म्हणून थांबू नका, त्याच्या जागी काय हवं तेही मागा, नाहीतर मोठ्या शाळांना सहाऐवजी सोळा आठवडे मिळतील आणि तुम्ही आहात तिथेच राहाल.

पहिल्यांदा साधा हिशोब करू. आठवड्याला दोन दिवस, दीड तास, सहा आठवडे, म्हणजे अठरा तास. त्यातून वस्तू कपाटातून काढणं, परत ठेवणं, बॅटरी चार्ज नाहीये हे कळणं, आणि शेवटची पंधरा मिनिटं शिपाईमामा किल्ली घेऊन दारात उभे, हे सगळं वजा केलंत तर बारा-तेरा तास हातात पडले तरी खूप. आता दुसरी शाळा घ्या, जिथे रोज तीन तास लॅब आणि शनिवारी पूर्ण दिवस म्हणजे आठ तास. आठवड्याचे तेवीस, सहा आठवड्यांचे एकशे अडतीस. कॅलेंडर सारखंच आहे पण तास साडेसात पटींहून जास्त. आयोजक मोजतायत आठवडे आणि रोबो बनतो तासांत, सगळी गडबड इथेच आहे.

आणि तासही सगळ्यांचे सारखे नसतात. सर्किटमधला मोटर ड्रायव्हर, म्हणजे मोटरला करंट देणारी छोटी पाटी, जळला, तो साधा एल२९८एन, दीड-दोनशे रुपयांची वस्तू, आणि जळला शनिवारी संध्याकाळी. ज्या शाळेच्या कपाटात चार स्पेअर आहेत तिथे दहा मिनिटांत काम पुन्हा सुरू. तुमच्याकडे काय होणार? इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार म्हणजे लॅमिंग्टन रोड, तो रविवारी बंद. सोमवारी तुम्हाला शाळा, मुलांना शाळा, पालकांना ड्युटी. मग कोणीतरी मंगळवारी नाहीतर बुधवारी अर्धी रजा टाकून प्रभादेवीहून स्लो लोकल पकडून ग्रँट रोडला उतरणार, तो ड्रायव्हर आणणार, आणि तो लागणार पुढच्या सेशनला. एक पार्ट जळला की आठवडा गेला, म्हणजे सहातला एक. टास्क जाहीर झाल्यापासून सहा महिने असते तर तोच पार्ट जळून कोणाला फरकही पडला नसता. मुदत जितकी छोटी तितका अपघाताचा फटका मोठा, आणि अपघात झेलायची ताकद ज्याच्याकडे स्पेअर आहेत त्याचीच. गंमत म्हणजे हा नियम आणला जातो छोट्या टीम्सना वाचवायला!

अजून एक गोष्ट आयोजकांच्या लक्षातच येत नाही, साठवलेला वेळ. ज्या शाळेची टीम पाच वर्षं जुनी आहे तिच्याकडे गेल्या वर्षीचा चालणारा ड्राइव्ह बेस, म्हणजे चाकं-मोटरचा सांगाडा, आहे, जमिनीवरची रेघ धरून चालायचा (लाइन फॉलोइंगचा) ट्यून केलेला कोड आहे, थ्रीडी प्रिंटरवर काढायच्या ब्रॅकेटच्या फाइल्स तयार आहेत, आणि अकरावीत गेलेला एखादा दादा आहे जो शनिवारी येऊन सांगतो की अरे हे करू नका, आम्ही केलं होतं, बेल्ट सुटतो. हे सगळे तास आधीच खर्च झालेत, सहा आठवड्यांत ते मोजलेच जात नाहीत. नवीन टीमला मात्र सोल्डरिंग शिकण्यापासून सुरुवात त्याच सहा आठवड्यांत करायची.

हे मी हवेत बोलत नाहीये, जगात हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर होऊन गेलाय. अमेरिकेत फर्स्ट नावाची संस्था आहे, डीन केमन यांनी १९८९ मध्ये काढलेली, त्यांची मोठ्या मुलांची रोबोटिक्स स्पर्धा १९९२ पासून चालू आहे. त्यात जानेवारीत गेम जाहीर व्हायचा आणि मग सहा आठवड्यांचा बिल्ड सीझन, म्हणजे रोबो बनवायचा काळ. तो संपला की रोबो आधीच्या काळात लाकडी पेटीत भरून स्पर्धेच्या ठिकाणी पाठवून द्यायचे, नंतरच्या काळात भल्यामोठ्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून नंबर असलेला टॅग लावून बंद करायचे आणि फॉर्म भरायचे. म्हणजे तुमच्या आयोजकांचा खोका तो हाच, फक्त मुख्याध्यापकांची सही तेवढी आपल्याकडची.

मग झालं काय? ज्या टीम्सकडे पैसा आणि माणसं होती त्यांनी एकच रोबो न बनवता दोन बनवायला सुरुवात केली. एक पिशवीत, आणि त्याचा जुळा भाऊ वर्कशॉपमध्ये. नियमात अशी सोय होती की तीस पाउंडांपर्यंतचे बनवलेले भाग पिशवीबाहेर ठेवून स्पर्धेला आणता येतात. तेव्हा रोबोची वजनाची मर्यादा साधारण १२० पाउंड, म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा रोबो बाहेर राहू शकत होता! तर ही मंडळी जुळ्या रोबोवर आठवडेच्या आठवडे सुधारणा करायची, नवा हात नाहीतर चेंडू फेकणारा नवा शूटर बनवायची, तो तीस पाउंडात बसवायची आणि स्पर्धेच्या दिवशी सकाळी पिशवीतल्या रोबोवर चढवायची. कोडवर तर बंदी नव्हतीच. सगळं नियमात बसून. ज्यांना दुसरा रोबो परवडत नव्हता त्यांचा रोबो पिशवीत आणि पोरं हातावर हात ठेवून बसलेली. शेवटी २०१८ मध्ये संस्थेनं जाहीर केलं की ही सक्ती काढतोय, आणि २०२० च्या सीझनपासून ती गेली. ज्या मर्यादेनं श्रीमंत टीमला आवरायचं तिच्यामुळे जिंकायला दुसरा रोबो लागायला लागला, म्हणजे खेळ उलट महागच झाला.

यातली खरी मेख म्हणजे त्या जुळ्या रोबोचा सगळ्यात मोठा फायदा बनवण्यात नव्हताच, तो होता चालवण्याच्या सरावात. कुठल्याही स्पर्धेत बघा, दोन-अडीच मिनिटांचा राउंड असतो, त्यात साधा रोबो घेऊन उतरलेला पण दोनशे वेळा सराव केलेला पोरगा भारी रोबोवाल्या गोंधळलेल्या ड्रायव्हरला हरवतो. मी तर म्हणेन शाळेच्या पातळीवर निकाल बऱ्याचदा सरावावरच ठरतो. आणि सील करण्याचा नियम नेमका सरावच बंद करतो, तोही फक्त एकच रोबो असलेल्यांचा.

आता कडक करा म्हणायचं का, या तुमच्या दुसऱ्या पर्यायाकडे येतो. आयोजकांचा आवडता युक्तिवाद असतो की दहावीच्या मराठीच्या पेपरला सगळ्यांना तीनच तास असतात, तिथे कोणी तक्रार करत नाही. बरोबर आहे, पण तिथे वर्गात सुपरवायझर फिरत असतो, पेपरचं पाकीट सगळ्यांसमोर उघडतं आणि तीन तासांनी हातातून काढून घेतात. इथे सहा आठवडे कोण बघायला बसलंय? सीलच्या खोक्यात गेलेला रोबो खरा कधी बनला, कोणी बनवला, खोकं परत उघडलं का, घरी दुसरा आहे का, यातलं इन्स्पेक्शनच्या टेबलावर मला काहीही दिसत नाही. मला दिसतं वजन, दिसते लांबी-रुंदी, दिसतात मोटर किती आहेत, बॅटरी किती व्होल्टची आहे. जो नियम तपासता येत नाही तो फक्त प्रामाणिक टीमला लागू होतो, हे मी आयोजकांना अनेकदा सांगितलंय, आणि दरवेळी उत्तर एकच, शाळांवर विश्वास ठेवायला हवा. ठेवा ना, पण मग सील तरी कशाला लावता?

आणि कडक मुदतीचा एक आपल्या मुंबईतला खास परिणाम आहे ज्याबद्दल फारसं कोणी उघड बोलत नाही. रेडिमेड प्रोजेक्ट. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट विकत मिळतात हे सगळ्यांना माहितीये, तसेच आता शाळेच्या स्पर्धेचे रोबोही बनवून मिळतात, पैसे द्या, टास्कची पीडीएफ पाठवा, पंधरा दिवसांत डिलिव्हरी. वेळ जितका कमी तितका पालकांचा धीर लवकर सुटतो, आणि तिसऱ्या आठवड्यात जर नुसती चाकं फिरतायत एवढंच झालं असेल तर कोणीतरी फोन फिरवतोच. यात मी मुलांना दोष देत नाही. टेबलावर असा रोबो आला की मी एकच करतो, मुलाला म्हणतो हे चाक काढ आणि परत लाव बरं. ज्यानं बनवलंय त्याचा हात न बघता योग्य स्क्रूवर जातो, आणि ज्यानं नाही बनवलं तो आधी सरांकडे बघतो. दोन मिनिटांची तपासणी आहे, कुठल्याही सीलपेक्षा जास्त कळतं.

मर्यादेच्या बाजूनं एक मुद्दा मात्र मला मनापासून पटतो तो म्हणजे झोप. मुदत नसली की काम संपतच नाही, मुलं आणि मेंटॉर दोघंही महिनोन्महिने ताणात राहतात, आणि आठवी-नववीच्या मुलानं एकदा रोबोचं वेड घेतलं की बाकी अभ्यास गेला. अमेरिकेत मर्यादा काढली तेव्हाही हीच भीती बऱ्याच मेंटॉर लोकांना होती, आता आम्ही घरी कधी जायचं म्हणून. ही भीती खरी आहे. पण हा मुद्दा आरोग्याचा आहे, न्यायाचा नाही, तेव्हा त्याला न्यायाचं लेबल लावू नका. आणि तो सोडवायचा शाळेनं, लॅब किती वाजता बंद होणार, परीक्षेच्या महिन्यात काम थांबणार की नाही, हे मुख्याध्यापकांनी ठरवायचं. स्पर्धेच्या आयोजकाला तुमच्या घरातला दिवा किती वाजता बंद झाला ते कळणार नाहीये.

बाकीच्या स्पर्धा काय करतात तेही बघून घ्या, कारण आयोजकांशी बोलताना उदाहरणं लागतात. व्हेक्स या शाळांच्या आंतरराष्ट्रीय रोबो स्पर्धेत बिल्डची मुदत अशी नाहीच, गेम जाहीर झाला की जवळपास वर्षभर चालतो, मध्ये स्पर्धा होत राहतात आणि टीम्स रोबो मोडून परत बनवतात. आवरतात ते कशानं, तर पार्ट ठरावीकच वापरायचे, मोटरवर मर्यादा, आणि सुरुवातीला रोबो १८ इंचाच्या घनात बसला पाहिजे. या सगळ्या गोष्टी टेबलावर तपासता येतात. तोटा असा की पार्ट महाग, आणि जिंकलेल्या रोबोचे व्हिडिओ बघून सगळे तसलेच रोबो बनवायला लागतात. दुसऱ्या टोकाला वर्ल्ड रोबोट ऑलिंपियाड. तिथे कितीतरी वर्षं नियम होता की पार्ट पूर्ण सुटे करून आणायचे, बांधणीचे कागद जवळ नकोत आणि तिथेच सगळ्यांसमोर ठरावीक वेळेत जोडायचं, वर सकाळी एक सरप्राइज नियम. ही वेळेची मर्यादा निदान खरी होती कारण समोर परीक्षक उभा असायचा. पण त्यातही पोरं तोच रोबो इतक्यांदा जोडून यायची की डोळे मिटून बांधतील, म्हणजे सरावाचे तास पुन्हा आलेच. कॉलेजच्या पातळीवर एबीयू रोबोकॉन घ्या, २००२ पासून चालू आहे, यजमान देश थीम काढतो आणि ती काही महिने आधी समोर असते, भारताच्या फेरीत तर डिझाइनचं डॉक्युमेंट आणि व्हिडिओ असे टप्पे असतात, जेणेकरून काम खरंच पुढे सरकतंय का ते वाटेतच कळतं.

पण तुमच्या प्रश्नाला सगळ्यात जवळचं उदाहरण आपल्या पवईतच आहे. आयआयटी मुंबईची ई-यंत्र ही रोबोटिक्स स्पर्धा. कॉलेजच्या मुलांसाठी आहे, पण त्यातली कल्पना शाळेला अगदी बसते: निवडलेल्या टीम्सना सारखंच किट त्यांच्या कॉलेजात पोहोचतं, शिकायचं साहित्यही मिळतं आणि काम टप्प्याटप्प्यानं जमा करायचं. म्हणजे वेळेचे टप्पे आहेत, पण सामानाची दरी आधी बुजवलीय, आणि शिकण्याचा वेळ स्पर्धेतच धरलाय. माझ्या मते शाळांच्या स्पर्धेनं अमेरिकेच्या पिशवीपेक्षा हे उचलावं.

तेव्हा आयोजकांना पत्र लिहाल तर हे मागा. सील काढा. टास्क जूनमध्ये शाळा उघडताना जाहीर करा आणि स्पर्धा दिवाळीनंतर लगेच ठेवा, म्हणजे गणपतीची आणि दिवाळीची सुट्टी हाताशी येते आणि जानेवारीतल्या प्रिलिम, फेब्रुवारी-मार्चातलं बोर्ड यांच्याशी टक्कर होत नाही. उशिरा नाव नोंदवणाऱ्या शाळेलाही टास्क त्याच दिवशी दिसला पाहिजे, नोंदणीची फी भरल्यावर नाही, ही बारीक गोष्ट आहे पण फी मंजूर व्हायला ज्या शाळेत तीन सह्या लागतात तिचे दोन आठवडे यातच जातात. मग रोबोवर खर्चाची मर्यादा घाला, आणि तो खर्च बिलावरून मोजू नका, कारण बिल कसंही बनतं; आयोजकांनी एकच दरपत्रक काढायचं, अमुक मोटर इतक्याची, थ्रीडी प्रिंट केलेला भाग इतक्या रुपये ग्रॅमनं, आणि टेबलावर रोबो बघून बेरीज करायची. अटल टिंकरिंग लॅब, म्हणजे केंद्र सरकारच्या योजनेतली प्रयोगशाळा, मिळालेल्या शाळेला सरकारकडून वीस लाखांपर्यंत अनुदान असतं, तिच्याकडे प्रिंटर आहे, तुमच्याकडे पुठ्ठा आणि अॅक्रिलिक आहे, दरपत्रकामुळे हा फरक पूर्ण जात नाही पण बराच खाली येतो.

आणि एक गोष्ट जी मी सगळ्यात वर ठेवेन: सरावाचं मैदान. टास्कची मॅट, म्हणजे रोबो चालवायची आखलेली चटई, फ्लेक्सवर छापून घ्यायची, प्रॉप्स बनवायचे, ते पसरायला रिकामी खोली हवी, आणि परळ-लालबागच्या शाळेत रिकामी खोली कुठून आणणार, दोन सत्रांची शाळा असेल तर वर्ग दुपारी दुसऱ्यांचे. स्पर्धेच्या आधीचे दोन-तीन रविवार आयोजकांनी एका मध्यवर्ती शाळेच्या हॉलमध्ये मॅट लावून सगळ्यांना वेळ वाटून द्यावा. खर्च फारसा नाही. सहा आठवड्यांच्या सीलनं जो न्याय साधायचाय त्याच्यापेक्षा जास्त न्याय या दोन-तीन रविवारांत होईल, हे मी लिहून द्यायला तयार आहे.

वेळेची मर्यादा कुठेतरी हवीच असेल तर ती स्पर्धेच्या दिवशी ठेवा, परीक्षकांसमोर. सकाळी टास्कमध्ये एक छोटा बदल जाहीर करायचा आणि दोन तास द्यायचे, रोबोत बदल मुलांनीच करायचे, सर-मॅडम-पालक दोरीच्या बाहेर. एक टेबल स्पेअर पार्टचं, सगळ्यांना उधार. आणि मुलाखत मराठीत द्यायची मुभा स्पष्ट लिहिलेली हवी, कारण पीआयडी ट्यूनिंग (रोबो न डगमगता सरळ चालावा म्हणून कोडमधले आकडे जुळवणं) नीट समजलेला मुलगा इंग्रजीत अडखळला की परीक्षकाला वाटतं यानं बनवलेलंच नाही.

हे सगळं यंदा होणार नाही हे मलाही माहितीये, परिपत्रक निघालंय म्हणजे यंदा खोकं आहेच. मग तुमच्या अठरा तासांत काय करायचं? पहिल्या दोन आठवड्यांत फक्त चालणारा, वळणारा, थांबणारा बेस, बाकी काही नाही, हात-बित नंतर. टास्कमधलं सगळं करायला जाऊ नका, जास्तीत जास्त गुण देणारी एक किंवा दोन कामं निवडा आणि तीच पक्की करा. कुठली निवडायची हे मुलांनाच गुणांच्या तक्त्यावरून काढू द्या, छान वाद होतात. मोटर ड्रायव्हर आणि बॅटरी पहिल्याच दिवशी डबल घ्या, भले मग सेन्सर एक कमी घ्यावा लागला तरी चालेल. हाताचा नमुना घरी पुठ्ठ्यात करता येतो, त्याला लॅब लागत नाही. पाचव्या आठवड्यात बांधणं बंद, वर्गातली बाकं सरकवून फरशीवर खडूनं मॅट आखा आणि उरलेले चार सेशन नुसतं चालवा, दोन ड्रायव्हर तयार करा कारण एक त्या दिवशी आजारी पडतोच.

आणि आजच आयोजकांना लेखी विचारा की सीलच्या आत नेमकं काय काय येतं. कोड येतो का? बॅटरी आणि रिमोट येतात का? सुटे स्पेअर बाहेर ठेवले तर चालतील का, आणि किती वजनाचे? परिपत्रकात यातलं काही नसेल तर, आणि बहुतेक नसणारच, जे उत्तर येईल ते सगळ्या शाळांना एकाच वेळी पाठवा असं त्याच मेलमध्ये लिहा. बॅटरी मात्र काहीही झालं तरी खोक्यात बंद करून ठेवू देऊ नका, लिपो (लिथियम पॉलिमर) असेल तर स्टोरेज चार्जला, म्हणजे साधारण अर्ध्या चार्जला, आणून वेगळी, डोळ्यासमोर ठेवा, आणि त्यावर आयोजकांनी हुज्जत घातली तर सुरक्षेचं कारण लिहून द्या, तिथे त्यांना ऐकावंच लागेल.